असोद्याचे पाच कंद आणि कॅरिबियन बेट

“वेस्ट इंडीज दुबईच्या अलीकडे की पलीकडे?” शेठजींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं.

समोर गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून कानाशी. मी हळूच सांगितलं, “बरंच पलीकडे. लंडनहूनही पुढे.”

शेठजी सरळ झाले आणि गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाले, “होऊन जाईल. शैलाताई सगळं बघतील.” आणि बाहेर चहा सांगायला निघून गेले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. जळगावात स्टेशनजवळ आमचं, म्हणजे शेठजींच्या मालकीचं, ट्रॅव्हल ऑफिस होतं. दोन टेबलं, एक फोन, नवाकोरा फॅक्स आणि भिंतीवर विमानाचं मोठं पोस्टर. पोस्टर बघून लोकांना वाटायचं, आम्ही रोज विमानंच उडवतो. खरं काम रेल्वे रिझर्व्हेशनचं. वर्षातून दोनदा काशी-रामेश्वरची बस निघायची. शिवाय आखाती देशात कामाला जाणाऱ्या सुतार, गवंडी, वेल्डर मंडळींची तिकिटं. ती माझ्याकडे होती, कारण मुंबईला जाऊन सहा आठवड्यांचा तिकिटिंगचा कोर्स केलेली ऑफिसात मी एकटीच. मी स्वतः मात्र तोवर विमानात पाय ठेवलेला नव्हता. हे मी कोणाला सांगत नसे. कोणी विचारतही नसे.

समोर बसले होते ते जळगावजवळच्या असोद्याचे वासुदेवनाना. वय साठीच्या घरात, पांढरा शर्ट, टोपी, हातात कापडी पिशवी. पिढ्यान्‌पिढ्या केळीची बाग. शेजारी त्यांच्या पत्नी सिंधूअक्का. त्या पोस्टरकडे बघत होत्या.

“नाना, क्रिकेटची मॅच बघायला जायचंय का?” मी विचारलं. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याकडे दुसरं काय आठवणार!

“क्रिकेट नही वो ताई. केळी पाह्याची हाये.”

“केळी? असोद्याहून केळी बघायला?”

नानांनी पिशवीतून शेतीच्या मासिकाचं एक कात्रण काढलं. घड्या पडून पडून त्याचं फडकं झालं होतं. त्यात एका बेटाचा फोटो होता. उभा डोंगर, आणि डोंगरभर केळी. बेटाचं नाव डोमिनिका. तिथं बारमाही पाऊस पडतो आणि केळीला कोणी पाणी देत नाही, असं खाली लिहिलं होतं.

“चाळीस वर्सं झाली, मी केळीले पानी देऊ राह्यलो,” नाना म्हणाले. “आधी मोट, मंग मोटर, आता ठिबक. मले एकदा तठी जायचं हाये, जठी केळीले पानी द्या लागत नही.”

मला हसू आलं आणि लगेच हसू आल्याची लाजही वाटली. माणसं ताजमहाल बघायला जातात. हा माणूस पाणी न लागणारी केळी बघायला निघाला होता. मला तो मनापासून आवडला.

“आणि अक्का, तुम्हाला काय बघायचंय?”

अक्कांनी पोस्टरवरची नजर माझ्याकडे वळवली. नानाच म्हणाले, “तिले समुद्र पाह्याचा हाये.”

आता बजेट. नाना खाऊनपिऊन सुखी होते, पण परदेशवारी ही आयुष्यात एकदाच, आणि पोराला भार नको, असा त्यांचा हिशोब. पैसे त्यांनी आधीच बाजूला काढले होते. त्यात बसलं तर जायचं, नाहीतर कात्रण परत पिशवीत.

त्या दिवसापासून माझं डोकं त्यातच. मुंबईला फर्नांडिस नावाचा एक एजंट होता. मोठ्या एअरलाइन्सची तिकिटं तो घाऊक घ्यायचा आणि आमच्यासारख्या छोट्यांना द्यायचा. मी त्याला एसटीडी लावला.

“जळगावहून कॅरिबियन? शैला, तुझी तब्येत ठीक आहे ना?”

“माझी ठीक आहे. भाडं सांग.”

त्यानं सांगितलं. मी खुर्चीत मागे टेकले. हे भाडं डिसेंबरअखेरचं होतं. तिकडचा हंगाम म्हणजे ख्रिसमसपासून एप्रिलपर्यंत. थंडीला कंटाळलेले गोरे तेव्हा बेटांवर येतात आणि विमान, हॉटेल सगळं दुप्पट होतं. उन्हाळ्यानंतर स्वस्त, पण तेव्हा वादळांचे महिने. आणि मे महिन्यात तर नाना बाग सोडून हलणारच नाहीत. आपल्याकडच्या मेच्या उन्हात केळीला एक दिवस पाणी चुकलं तरी पानं करपतात.

मी फर्नांडिसला म्हटलं, “वादळं संपतात नोव्हेंबरअखेर. गर्दी सुरू होते डिसेंबरच्या मध्याला. मधले दोन आठवडे बघ.”

फोनवर थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “अरे, ही तर चांगली फट आहे.”

या धंद्यातलं बरंचसं शहाणपण अशा फटी शोधण्यात आहे. आपल्याकडेही डिसेंबरात हवा गार, बागेला पाणी कमी लागतं, दिवाळी होऊन गेलेली. नानांचा मुलगा प्रमोद बाग सांभाळायला तयार होता.

डोमिनिकाच स्वस्त का, तेही कळलं. तिथं पांढऱ्या वाळूचे मोठे किनारे नाहीत, त्यामुळे मोठी हॉटेलं नाहीत. डोंगर, नद्या, गरम पाण्याचे झरे आणि काळी वाळू. श्रीमंत पाहुणे शेजारच्या बेटांवर उतरतात. नानांना वाळूचा रंग कोणता का असेना. लंडनच्या एका पर्यटन कार्यालयाला पत्र लिहून मी माहितीपत्रकं मागवली. त्यात मिसेस जोसेफ नावाच्या बाईंचं गेस्ट हाऊस सापडलं. आठ खोल्या, राजधानीच्या गावातच, समुद्र पायी पाच मिनिटांवर. आणि माझी खास खूश व्हायची गोष्ट म्हणजे खोलीला स्वयंपाकघर जोडलेलं. बाहेर जेवलात तर परदेशात खिसा तिथंच रिकामा होतो. स्वतः करून खाल्लं की अर्धा खर्च वाचतो. शाकाहाराचा प्रश्नही सुटतो.

मी दोघांना बोलावलं आणि कागदावर सगळं मांडून दाखवलं. बजेटमध्ये अगदी बसत होतं. नाना खूश. मीही खूश.

“अक्का, गॅस, भांडी, सगळं आहे तिथं. पीठ इथूनच न्या. आपली भाकरी करता येईल.”

अक्कांनी पदर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “म्हंजे तठे बी चुल्हाच शे का?”

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. मीही धुळ्याची. त्यांची अहिराणी माझ्या कानाला माझ्या आईच्या आवाजासारखी लागते. पण ते वाक्य मला भाषेमुळे लागलं नाही. पंचवीस माणसांच्या घरात चाळीस वर्षं पहाटे उठून पहिला चहा ठेवणारी बाई विचारत होती, की जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनही मी चुलीपुढेच बसायचं का. आणि मी, एक बाई, कागदावर टिकमार्क करून तिला तेच विकत होते!

नाना गोंधळले. “मंग तुले काय पाह्यजे?”

“काही नही. माले बारा दिन चुल्हा नको. बस.”

समुद्राचं नाव नाना घेत होते. अक्कांना खरं काय हवं होतं ते हे.

मी कागद फाडला. नवा प्लॅन केला. मिसेस जोसेफना फॅक्स केला की स्वयंपाकघराची खोली नको, ‘हाफ बोर्ड’ द्या. हाफ बोर्ड म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडे, दुपारचं आपलं आपण. महाग पडत होतं. मग फिरायला टॅक्सीच्या जागी तिथल्या बसेस घातल्या, महागड्या बोटसहली काढल्या, पंधरा दिवसांचे, अक्कांनी मागितले तेवढेच, बारा केले. बसलं एकदाचं.

“शैलाताई,” शेठजी म्हणाले, “गेले तर तुमचं नाव होईल. अडकले तर माझं होईल. एवढं लक्षात ठेवा.”

मी काही कसर ठेवली नाही. लंडनला एका विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानतळावरून पुढचं विमान होतं, म्हणून ट्रान्झिट व्हिसा काढला. तो म्हणजे फक्त देश ओलांडून जायची परवानगी. पुढे एका बेटावर विमान बदलून अठरा-एकोणीस जणांच्या छोट्या विमानानं डोमिनिका. तिथल्या विमानतळावर रात्री उतरायची सोय नव्हती, म्हणून कनेक्शन उजेडातच पोचेल असं धरलं. लंडनहून पुढे सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत. बॅगा मी शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर स्वतः मोजल्या. दोघांना तिथं काय दिसेल, काय नाही, याचा दोन पानी मराठी कागद हातानं लिहून दिला. पाऊस रोज येईल आणि अर्ध्या तासात जाईल. वाळू काळी असते, ती घाण नव्हे. भाजीतही मासा घालतात, म्हणून दोनदा विचारायचं. दुकानं रविवारी बंद. लोक रस्त्यात अनोळखी माणसालाही गुड मॉर्निंग म्हणतात, आपणही म्हणायचं, नाहीतर उद्धट समजतात.

आणि शेवटी फॉर्म. विमानात उतरण्याआधी एक डिक्लरेशन फॉर्म देतात. तुमच्याजवळ शस्त्र आहे का, अमुक आहे का, तमुक आहे का, असे प्रश्न असतात आणि पुढे ‘येस’ आणि ‘नो’ अशा दोन चौकटी. आखातात जाणाऱ्या आमच्या मंडळींना इंग्रजी येत नसे. त्यांना मी एकच शिकवलेलं होतं, सगळीकडे ‘नो’वर टिक करायची. कित्येक वर्षं हे चालत आलं होतं, कधी अडलं नव्हतं. नानांनाही मी तेच सांगितलं. नाना मॅट्रिक होते, सावकाश का होईना इंग्रजी वाचत. तरी म्हटलं, कशाला डोक्याला ताप.

“सगळीकडे नो,” नानांनी पाठ म्हणून दाखवलं.

मंगळवारी संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना बसवून दिलं. बुधवारी रात्री मुंबईहून विमान.

गुरुवारी अकराच्या सुमारास प्रमोद पेढे घेऊन ऑफिसात आला. विमान वेळेवर सुटलं, मुंबईच्या मामांचा फोन आला होता. शेठजींनी दोन पेढे उचलले. मी एक घेतला. प्रमोद हसत म्हणाला, “ताई, नानांनी स्वेटर आणि दोन शर्ट घरीच ठेवले. वजन वाढू नये म्हणून.”

“वजन तर बरोबर होतं. मी मोजलं होतं.”

“तुम्ही मोजलं तेव्हा कंद नव्हते.”

“कसले कंद?”

“केळीचे. पाच. बागेतले निवडून काढले, माती खरवडली, ओल्या गोणपाटात बांधले.”

ज्यांना केळीची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केळीला बी नसतं. जुन्या झाडाच्या बुडाशी जमिनीत कंद असतो, तो काढून लावला की नवं झाड. नानांच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याच्या केळीबागेत पहिल्यांदा पाऊल ठेवायचं तर रिकाम्या हातानं नाही, आपल्या बागेचे पाच कंद घेऊन जायचं. रावेरला जाताना नेले, चोपड्याला जाताना नेले. तेच त्यांनी डोमिनिकाला जाताना केलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

चुकलं माझं. पेढा माझ्या हातातच राहिला. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते मी ड्रॉवरमधून काढून वाचलं. झाडं, रोपं, माती आणि विशेष करून केळीचा कोणताही भाग बेटावर आणायला सक्त मनाई. त्या बेटाचं पोट केळीवर. बाहेरून एक रोगट कंद आला तर डोंगरच्या डोंगर केळी मरतील. आणि लपवून आणलं, खोटं लिहून दिलं, तर दंड, नाहीतर आल्या विमानानं परत.

खोटं लिहून द्यायला त्यांना मीच शिकवलं होतं. तेही पाठ करून घेऊन.

मी फर्नांडिसला फोन लावला. “लंडनला त्यांना निरोप देता येईल का?”

“लंडनला? शैला, ते काय आपलं भुसावळ जंक्शन आहे, माइकवर नाव पुकारायला?”

“पुकारतात. मला माहीत आहे.”

“पुकारतात. पण तुझ्या नानांना त्या गोंगाटात स्वतःचं नाव कळेल का? बघतो. एअरलाइनला टेलेक्स टाकतो. आशा ठेवू नकोस.”

घड्याळाचा हिशोब मांडला. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आपल्या संध्याकाळी सहाला तिथं सकाळचे साडेआठ. मी सहा वाजायची वाट बघत बसले. मग मिसेस जोसेफना फॅक्स केला. पाहुण्यांच्या बॅगेत केळीचे कंद आहेत, त्यांना माहीत नाही, चूक माझी आहे, कृपा करून कस्टम्सच्या आधी कोणीतरी त्यांना गाठा. वीस मिनिटांनी मशीन खरखरलं. उत्तर आलं, “टॅक्सीवाला बाहेर उभा राहील. आत कोणालाच सोडत नाहीत. देव त्यांचं भलं करो.”

शेठजींनी तो फॅक्स वाचला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “घरी जा. आता बसून काय होणार?”

मी घरी गेले. जेवण गेलं नाही, झोप तर नाहीच. मला दंडाची भीती नव्हती, ऑफिसच्या नावाचीही नव्हती. सारखं एकच दिसत होतं. अक्का कुठल्यातरी विमानतळावर बाकावर बसल्या आहेत, आणि त्यांना परत पाठवताहेत. बारा दिवस मागितले होते त्या बाईनं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं.

शुक्रवारी दिवसभर काही बातमी नाही. फर्नांडिसच्या टेलेक्सला उत्तर नाही. संध्याकाळी सहाला मी आयएसडी लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. मिसेस जोसेफ म्हणाल्या, थांबा. मग पलीकडून नानांचा आवाज. पूर्ण जोर लावून, असोद्याहून थेट ओरडल्यासारखा.

“ताई! कंद जाळून टाकले त्याहीनं!”

“नाना, तुमचं काय? दंड? परत पाठवताहेत का?”

“आमचं काय व्हतं? आमी नाश्ता करू राह्यलो.”

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. शेठजी चहा सांगायला बाहेर गेले.

खरी हकीकत कळली ती दोघं परत आल्यावर. ऑफिसात येऊन बसले, शेठजींनी खुर्ची जवळ ओढली, आणि अक्कांनीच सांगितली.

त्या छोट्या विमानात फॉर्म मिळाले. नानांनी पेन काढलं आणि धडाधड ‘नो’वर टिक करायला सुरुवात केली. स्वतःचा फॉर्म झाला, अक्कांचा घेतला. अक्कांनी कागदावर हात ठेवला. सही त्या मराठीत करत, पण कशावर करतोय ते कळल्याशिवाय करत नसत. सोसायटीच्या कर्जाचा कागद असो की शाळेचा दाखला, आधी वाचून दाखवा, हा त्यांचा नेम. घरातले सगळे या नेमाला वैतागलेले.

“काय लिखेल शे ते वाची सांगा,” अक्का म्हणाल्या.

“सगळीकडे नो, असं ताईनं सांगितलं हाये,” नाना म्हणाले.

“नो म्हंजे नही. पन काय नही?”

मग नानांना एकेक प्रश्न वाचावा लागला. सावकाश, मराठी करून. शस्त्र? नही. दारू? नही. ठरल्यापेक्षा जास्त रोकड? नही. रोपं, झाडं, माती, बेणं?

अक्का थांबल्या. “मंग बॅगमा काय शे?”

“पन ताईनं सांगितलं...”

“ताईले काय माहीत, आपला जवळ कंद शेतस ते!”

नानांनी ‘नो’वरची टिक खोडली. दोन्ही फॉर्मवर ‘येस’ केलं.

कस्टम्सवर एक तरुण ऑफिसरबाई होती. तिनं फॉर्म बघितला, बॅग उघडली, गोणपाट सोडलं आणि हात मागे घेतला. नाना म्हणाले, तिचा चेहरा असा झाला की जणू बॅगेत नागच निघाला. तिनं त्यांना बाजूला बसवलं. नानांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, की मी केळीवाला आहे, तुमच्या केळीवाल्यांसाठी भेट आणली आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मला तुम्हाला शिक्षा करावी लागत नाही. पण हे मी जाळणार, आणि तुमच्यासमोर जाळणार.

विमानतळामागे एक भट्टी होती. पाच कंद तिच्यात गेले. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हातानं खरवडलेले कंद होते ते. ऑफिसरबाईनं ते पाहिलं. जाताना तिनं गेस्ट हाऊसचं नाव विचारून घेतलं.

रविवारी सुट्टीच्या दिवशी ती स्वतः जीप घेऊन दारात हजर. तिच्या आईची डोंगरावर केळीबाग होती. तिथं शिरण्याआधी दोघांचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवले, हात धुवायला लावले. मग नानांनी ती केळी पाहिली. उभ्या चढावर, घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, बुडाशी पाण्याची नळी नाही, सरी नाही, काही नाही. नाना एका दगडावर बसून तासभर बघत राहिले म्हणे.

“मग, नाना? पाणी द्यावं लागत नाही ना?” शेठजींनी विचारलं.

“नही. पन वारा येतो. एका वादळात पुरी बाग आडवी. त्याहीले पान्याची चिंता नही, वाऱ्याची हाये.” नाना हसले. “आपलं ठिबक बरं.”

ऑफिसरबाईच्या आईनं अळूच्या पानांची पातळ भाजी केली होती. अक्कांनी दोनदा विचारलं, मासा नाही ना. नव्हता. चव आपल्या घरच्यासारखी. अक्का उठून मदतीला जाऊ लागल्या, तर त्या म्हातारीनं त्यांना खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं.

नानांनी परत आल्यावर स्वतःच्या बागेच्या दाराशी एक पत्र्याचा ट्रे ठेवला आणि त्यात औषधाचं पाणी. येईल त्यानं पाय बुडवून आत यायचं. असोद्यात महिनाभर त्याची टिंगल झाली. नानांनी ट्रे हलवला नाही. पाच कंद न्यायची रीतही त्यांनी बंद केली. आता दुसऱ्याच्या बागेत जाताना ते शेंगदाण्याचे लाडू नेतात.

सगळं बोलून झालं. नाना आणि शेठजी फॅक्सचं मशीन बघायला उठले. मी अक्कांना म्हटलं, “अक्का, माझं चुकलं. मी तुम्हाला वाचायला सांगायला हवं होतं.”

अक्कांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग विचारलं, “तू कव्हय बठेल शे का इमानमा?”

मी कधी विमानात बसले का, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा विचारला गेला. मी मान हलवली. नाही.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मंग लिखी ले. मी सांगस.”

मी वही काढली. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. विमानात कान दुखतात, तोंडात सुपारी ठेवायची. समुद्राकाठी पहिल्या दिवशी लांबूनच बघायचं, दुसऱ्या दिवशी पाय घालायचे, तिसऱ्या दिवशी बसायचं. आणि पहिल्या सकाळचं. त्या सवयीनं पाचला उठल्या. बाहेर अंधार. खोलीत चूल नाही, घागर नाही, झोपलेली पंचवीस माणसं नाहीत. काय करावं कळेना. व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या आणि रडू आलं. आपलं काही काम उरलं नाही, असं वाटलं. मग उजाडलं, समुद्र दिसायला लागला, आणि कोणीतरी त्यांच्या हातात चहाचा कप आणून दिला. बाराव्या दिवशी त्यांना पाचला जागच आली नाही.

त्यानंतर पुढे बरीच वर्षं मी परदेशी पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा दोन पानी कागद दिला. सिंगापूर, लंडन, दुबई, कुठंही जाऊ दे. कागदाची पहिली ओळ बदलली होती. ‘फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न वाचा, इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि खरं असेल तेच लिहा.’

शेवटची ओळ मी बायकांच्या कागदावरच लिहायची. ‘पहिल्या सकाळी लवकर जाग येईल. चहा कोणासाठीच करायचा नाही. घाबरू नका, बसून राहा.’